आधी कोणती वाद्यं नकोत ते ठरव

सदाशिव पेठ, पुणे
८ जुलै

प्रिय समीर,

तुझं पत्र मिळालं, लघुपटही पाहिला. २२ मिनिटांचा एडिट लॉक झालाय, वाड्यातला जिना छान टिपलाय, आणि आता तुला पार्श्वसंगीत ‘हरमनसारखं’ हवंय. हॉलिवूडचा संगीतकार बर्नार्ड हरमन म्हटलं की बहुतेकांच्या कानात एकच गोष्ट वाजते, ‘सायको’तल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळच्या त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिन. तुझ्याही कानात तीच असेल, तर आधी ती बाजूला ठेव. ती जागा थोर आहेच, पण चित्रपट सुरू होऊन पाऊण तास उलटल्यावर ती येते आणि तोवर हरमनने वादकांना एकदाही मोकळं सोडलेलं नसतं. किंकाळीची नक्कल कुणालाही जमते. त्याआधीचा पाऊण तास कसा रचलाय, ते शिकण्यासारखं आहे.

त्याची घडण समजून घेतलीस तर पद्धत आपोआप कळेल. जन्म १९११चा, न्यूयॉर्कचा. १९३४मध्ये तो सीबीएस रेडिओत लागला. रेडिओनाटकात प्रसंग बदलायला पडदा नसतो, दिवे नसतात. पाच-सहा सेकंदांचा संगीताचा तुकडा येतो आणि तेवढ्यात श्रोत्याला दिवाणखान्यातून उचलून बंदरावर नेऊन ठेवायचं असतं. पाच सेकंदांत चाल बसत नाही, बसतो तो फक्त नाद: कोणतं वाद्य, कोणत्या सप्तकात, किती जोरात. हे काम वर्षानुवर्षं केल्यावर चार स्वरांत प्रसंग उभा करायची सवय हाताला लागते. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सशी त्याची गाठ पडली ती रेडिओवरच. वेल्सने १९४१मध्ये ‘सिटिझन केन’ केला तेव्हा हरमनला बरोबर नेलं. या पहिल्याच चित्रपटासाठी त्याला १२ आठवडे मिळाले. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये ही चैनच होती.

‘केन’ची सुरुवात नीट ऐक, आणि फोनवर ऐकू नकोस. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही, आणि तिथलं सगळं नाट्य खर्जात आहे: खालच्या सुरातल्या बासऱ्या, बेस क्लॅरिनेट, बसून, ट्रॉम्बोन. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमध्ये कधी लागला तर कोल्हापूरहून मुद्दाम ये. त्यातलाच नवरा-बायकोच्या नाश्त्याच्या टेबलाचा प्रसंग घे. काही मिनिटांत एक लग्न विटत जातं. संगीत म्हणशील तर तीन मात्रांच्या नाचाचा एक साधा वॉल्ट्झ, प्रत्येक तुकड्यात वाद्यं आणि चेहरा बदलून येणारा. असे काही तुकडे वेल्सने हरमनच्या संगीतावर कापले, म्हणजे आधी संगीत आणि मग एडिट. आपल्याकडे गाण्याच्या चित्रीकरणात हे रोजचं आहे; पार्श्वसंगीताच्या बाबतीत तेव्हाही दुर्मीळ होतं, आजही आहे. ऑस्कर त्याला मिळालं ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी, आणि आयुष्यातलं ते एकमेव.

आता मुख्य मुद्दा. हॉलिवूडची तेव्हाची रीत आपल्यासारखीच होती: संगीतकार कच्चा आराखडा देणार, ऑर्केस्ट्रेटर तो वाद्यवृंदात मांडणार, आपल्याकडे संगीतकार चाल देतो आणि अरेंजर पीस लिहितो, तसंच. हरमनने हे कधी मानलं नाही. प्रत्येक वाद्याची ओळ तो स्वतः लिहायचा, कारण त्याच्या लेखी वाद्यांची निवड हीच रचना होती. आणि स्टुडिओत पगारी वाद्यवृंद तयार बसलाय म्हणून तो सगळा वापरायलाच हवा, हेही त्याला मान्य नव्हतं. १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’मध्ये त्याने दोन थेरेमिन (हात न लावता वाजवायचं विजेचं वाद्य), विजेवरची व्हायोलिन-चेलो-बेस, ऑर्गन, व्हायब्राफोन आणि ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, घेतलं, नेहमीचा व्हायोलिनचा ताफा वगळला. १९५३च्या समुद्रतळावरच्या एका चित्रपटात ९ हार्प. १९५९च्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’मध्ये ५ ऑर्गन आणि गजाचं वाद्य एकही नाही. पृथ्वीच्या पोटात उतरायचं तर ऑर्गनचा भाता लागेल, गजाची वाद्यं तिथे नकोत, हा त्याचा हिशेब. दरवेळी प्रश्न एकच, या चित्रपटात कोण वाजवणार नाही?

‘सायको’त हा प्रश्न अगदी टोकाला गेला. १९६०चा चित्रपट, बजेट बेताचं, चित्रण कृष्णधवल. हरमनने फक्त तंतुवाद्यं घेतली: १४ पहिल्या व्हायोलिन, १२ दुसऱ्या, १० व्हिओला, ८ चेलो, ६ बेस. चित्र काळंपांढरं, म्हणून नादही काळापांढरा, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. ढोल नाही, ब्रास नाही, भीतीच्या प्रसंगाला हमखास येणारी तिंपनी या मोठ्या नगाऱ्यांची घरघर नाही. आणि आता हे लक्षपूर्वक वाच: खुनाची जागा सोडली तर सगळ्या चित्रपटात त्याने म्यूट लावून वाजवायला सांगितलंय. शीर्षकाचं ते धावणारं, बोचणारं संगीतसुद्धा म्यूट लावूनच आहे. तारांखालच्या घोडीवर म्यूट बसला की वरची झळाळी जाते, आवाज दाबल्यासारखा होतो. मग जोरात वाजवलं तरी तो कोंडलेलाच राहतो. प्रेक्षकाला यातलं काही माहीत नसतं, पण त्याचा कान पाऊण तास त्या कोंडलेल्या नादाला सरावतो. खुनाला म्यूट निघतात, माइक वाद्यांच्या अगदी जवळ ठेवलेले, तार सप्तकात एकेक गट शेजारशेजारचे स्वर घेऊन एकमेकांवर चढतो, प्रत्येक स्वराला गज नव्याने वरून खाली. अनेकांना वाटलं की हे विजेच्या यंत्रातून काढलंय. तसं काही नव्हतं. त्या साध्या व्हायोलिन होत्या, एवढंच की तोवर त्या मोकळ्या ऐकूच दिल्या नव्हत्या. दिग्दर्शक हिचकॉकला खरं तर त्या प्रसंगाला संगीत नको होतं. हरमनने तरी लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं.

म्हणून म्हणतो, तुझ्या सातव्या मिनिटाला ती किंकाळी टाकलीस तर ती नुसती मोठी वाजेल. तिच्यामागे दाबून धरलेलं काही नसेल.

दुसरी गोष्ट त्याच्या स्वरमेळाची. पेटी घेऊन बस आणि हे प्रत्यक्ष करून बघ. काळी पाच सा धर. आता मंद्रातली काळी पाच, पुढच्या सप्तकातली काळी एक, पांढरी चार आणि पांढरी सहा एकदम दाब. म्हणजे सा, कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद. ‘सायको’चं शीर्षकसंगीत याच मेळावर सुरू होतं. पटदीप किंवा मधुवंती कानात असलेल्या माणसाला हे चारही स्वर घरचे. फरक इतकाच की रागात निषाद षड्जाकडे जातो आणि सुटतो. इथे दोघे एकाच वेळी उभे राहतात आणि कुणी कुणाकडे जात नाही. आता त्यातला सा सोड आणि वरचे तीनच दाबून ठेव. गंधार ते पंचम चार पट्ट्या, पंचम ते निषाद चार पट्ट्या. अंतर सारखं, त्यामुळे घर कुठलं ते कानाला सापडत नाही. खालचे तीन स्वर वाजवलेस तर मात्र सरळ, उदास, स्थिर मेळ. या एका मेळात स्थिर आणि अस्थिर दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून तो नुसता धरून ठेवला तरी अस्वस्थ करतो.

‘व्हर्टिगो’त, १९५८मध्ये, हाच मेळ काळी दोनच्या सावर आहे: काळी दोन, काळी तीन, काळी पाच आणि वरची पांढरी दोन. पण तिथे तो एकदम वाजत नाही. सुटा सुटा, एक ओळ उतरते तेव्हा दुसरी चढते. पडद्यावर सर्पिल आकृत्या फिरत असतात, आणि कान वर जायचं की खाली हे ठरवू शकत नाही. तेच चार स्वर, तोच माणूस, तोच दिग्दर्शक. एकीकडे सुरीची धार आणि दुसरीकडे गरगरणं. माझ्या मते ‘व्हर्टिगो’ हे त्याचं सर्वांत मोठं काम, ‘सायको’हूनही. लॉस एंजेलिसमध्ये वादकांचा संप होता, म्हणून ते संगीत लंडन आणि व्हिएन्नात दुसऱ्याच संचालकाच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झालं. तरीही ऐकताना हात हरमनचाच जाणवतो, कारण जे काही आहे ते कागदावर ठरलेलं आहे.

चालीबद्दल. हरमनला लांब चाल लिहिता येत नव्हती असं समजू नकोस. त्याने ऑपेरा लिहिला, सिंफनी लिहिली. पण चित्रपटात तो एक किंवा दोन बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) तुकडा घेई आणि फिरवत राही. आठ बारांची चाल एकदा सुरू झाली की पूर्ण व्हायला मागते. प्रसंग मधेच संपला तर ती तुटल्यासारखी वाटते, आणि पूर्ण केली तर प्रसंगाला तिच्यासाठी थांबावं लागतं. दोन बारांचा तुकडा कुठेही थांबवता येतो. शिवाय प्रेक्षक अर्ध्या कानानेच ऐकत असतो, त्याला छोटा तुकडा पटकन पकडता येतो. पण नुसता तोच तुकडा गिरवला तर कंटाळा येतो. हरमन स्वर तेच ठेवून वाद्य बदलतो, सप्तक बदलतो, आणि दर दोन बारांत आवाज थोडा फुगवून परत खाली आणतो. नक्कल करणारे नेमकी ही फुगवट विसरतात.

आणि तो थांबायचा कुठे, हे बघ. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ची सुरुवात फँडँगो या स्पॅनिश नाचाच्या भरधाव लयीत होते, पण शेतात विमान माणसाच्या मागे लागतं त्या सगळ्या प्रसंगात संगीत नाही. विमान टँकरवर आदळून स्फोट झाल्यावरच ते येतं. १९६३च्या ‘द बर्ड्स’मध्ये तर पार्श्वसंगीतच नाही, पक्ष्यांचे आवाज बर्लिनमध्ये ट्राउटोनियम या विजेच्या वाद्यावर बनवले आणि हरमन ध्वनिसल्लागार होता. एवढ्या मोठ्या संगीतकाराने एका चित्रपटात एकही स्वर न लिहिता नाव दिलं, यावरून त्याची शांततेबद्दलची समज कळते. आपल्याकडे संगीतकार भास्कर चंदावरकरांचं काम या नजरेने पुन्हा बघ. ते इथे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बरीच वर्षं शिकवत होते. ‘सामना’ लाव आणि संगीत कुठे कुठे नाही, तेवढंच टिपून ठेव.

हिचकॉकशी १९५५पासूनची जोडी १९६६मध्ये ‘टॉर्न कर्टन’वर तुटली. स्टुडिओला काळाला साजेसं, खपेल असं संगीत हवं होतं. हरमनने लिहिलं १६ हॉर्न, १२ बासऱ्या, ९ ट्रॉम्बोन, २ ट्यूबा, २ तिंपनी, ८ चेलो आणि ८ बेससाठी. व्हायोलिन एकही नाही. ध्वनिमुद्रण चालू असतानाच हिचकॉकने ते थांबवलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं. मला यात हरमनचा हट्ट दिसतो, पण त्याची चूक दिसत नाही. ते संगीत पुढे वेगळं ध्वनिमुद्रित झालंय, ऐकून तूच ठरव. त्यानंतर फ्रान्सच्या त्रुफोसारखे तरुण दिग्दर्शक त्याच्याकडे आले. शेवटचं काम ‘टॅक्सी ड्रायव्हर’: रात्रीच्या शहराला अल्टो सॅक्सोफोनची आळसावलेली धून आणि तिच्याखाली ब्रासचे जड श्वास. २३ डिसेंबर १९७५ला ध्वनिमुद्रण संपलं, २४ला पहाटे झोपेतच तो गेला. ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या संगीताच्या अगदी शेवटी तीन स्वरांचा एक तुकडा आहे. तो ‘सायको’तही आहे, आणि त्याच्याही आधी १९३५च्या त्याच्या तंतुवाद्यांच्या सिन्फोनिएटात आहे.

आता तुझा लघुपट. वाद्यं वगळायला बस. तबला नको, सतार नको. वाडा दिसला की सतार वाजते याला प्रेक्षक इतका सरावलाय की ती ऐकूच येत नाही. सिंथचा घुमणारा पॅड नको, कारण तो सगळी जागा भरतो आणि मग शांतता करायला काही उरत नाही. माझ्या मते दोन चेलो, एक व्हिओला, आणि खर्जातल्या दोन लांब बासऱ्या एवढं पुरे. चेलो पुण्यात मिळेल, व्हिओलासाठी बहुधा मुंबईहून कुणाला बोलवावं लागेल. बासरीवाल्यांना आधीच स्पष्ट सांग: मींड नको, आंदोलन नको, स्वर सरळ लावायचा आणि फुंक ऐकू आली तरी चालेल. निषादाचा सूर पेटीवरून मिळवून घे, नाहीतर तो सवयीने षड्जाकडे थोडा चढवला जाईल आणि त्या मेळाची सगळी टोचणी निघून जाईल.

खर्जातल्या वाद्यांचा आणखी एक फायदा संवादांना होतो. शब्द कळतात ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि खालच्या बासरीचा तिथे फारसा आवाज नसतो. व्हायोलिन मध्य सप्तकात संवादाखाली ठेवलीस तर मिक्सिंगला रेकॉर्डिस्ट त्या खाली ओढणार, आणि शेवटी उरणार नुसती गजाची खरखर.

जिन्याचा प्रसंग ३८ सेकंदांचा आहे आणि दार उघडतं २६व्या सेकंदाला. लय मिनिटाला ९० मात्रा धर. म्हणजे २६ सेकंदांत ३९ मात्रा. तीन-तीन मात्रांचे बार केलेस तर १३ बार बरोबर संपतात आणि १४व्या बारच्या पहिल्या मात्रेवर दार. मोह होईल तिथे ठोका द्यायचा. देऊ नकोस. बाराव्या बारच्या शेवटी, २४व्या सेकंदाला, संगीत तोड. दोन सेकंद काही नाही, मग नुसती बिजागरी. दोन बारांचा तुकडा सहा वेळा येईल: पहिल्या दोनदा फक्त चेलो, मग एक बासरी, मग दोन्ही, शेवटच्या दोनदा व्हिओला वरच्या सप्तकात. बाराही बार सलग वाजवून घे. एक तुकडा वाजवून संगणकावर सहा वेळा चिकटवलास तर गजाचा प्रत्येक झटका हुबेहूब तोच येतो, आणि तिसऱ्या खेपेला कानाला ते यंत्र कळतं.

हिशेबाला बसण्याआधी एडिटरला विचार, चित्रण सेकंदाला २४ फ्रेमचं की २५चं. २४चं चित्र २५ने चालवलं तर एका मिनिटामागे २.४ सेकंद कमी होतात. मग तुझं दार मधल्याच कुठल्या मात्रेवर उघडेल, आणि दोष वादकांवर येईल.

म्यूट ऑर्केस्ट्रात वापरतात ते छोटे रबरी घे. रियाजाचे जाड म्यूट आवाजच मारून टाकतात. म्यूट काढायला-लावायला वादकाला तीन-चार सेकंद लागतात, तेवढी जागा कागदावर सोड, आणि लावल्यावर सूर पुन्हा तपास. म्यूटच्या तुकड्यांना माइक दीड-दोन मीटर लांब ठेव. जिथे एकदाच मोकळं सोडायचंय तिथे ३०-४० सेंटिमीटरवर आण. दोन चेलोंचे चार करायचे असतील तर दुसऱ्या खेपेला दोघांच्या जागा बदल, ओळी बदल, शक्य असेल तर वाद्यंही बदल. तसं केलं नाहीस तर तोच कंप स्वतःवर चढतो आणि चार चेलोंऐवजी एक सुजलेला चेलो ऐकू येतो. दूरच्या माइकला बाहेरचं सगळं ऐकू येतं, म्हणून या पावसात पत्र्याच्या छताचा स्टुडिओ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस. एसीसुद्धा टेक चालू असताना बंदच हवा.

येताना चित्रावर टाइमकोड, म्हणजे चालती वेळ, छापलेली प्रत आण, आणि संवाद, आवाज, शांत खोलीचा नाद हे तिन्ही वेगळ्या ट्रॅकवर. बिजागरीचा आवाज सध्या फार बारीक आहे, तो तिथेच वाड्यावर पुन्हा ध्वनिमुद्रित करून घे. संगीत तोडल्यावर तिथे फक्त तोच असणार आहे. वाद्यांची यादी मात्र त्याआधी पाठव. पाचाच्या वर गेली तर मी फोन करून भांडणार आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग